पाटीमागची पदवी विचारा!

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात दिलेला निकाल आपल्या समाजाने बारकाईने वाचायला हवा. विशाखापट्टणमला ‘नीट’ परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूतून हे प्रकरण उभे राहिले. मानसिक आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने सांगितले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असा आदेश दिला. यातून खाजगी शिकवणी वर्गही सुटलेले नाहीत. २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, हे लक्षात घेतले म्हणजे या आदेशाची निकड कळते.

खुर्ची तर मंजूर झाली. तिच्यावर बसणार कोण? ‘पात्र’ या शब्दाचा अर्थ कोण ठरवणार? आमच्या मते खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

आपल्याकडे ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा एकच शब्द सगळ्यांना लावला जातो. प्रत्यक्षात या क्षेत्रात वेगवेगळ्या शिक्षणाची माणसे काम करतात. मनोविकारतज्ज्ञ हा मुळात डॉक्टर असतो. एम.बी.बी.एस. करून त्याने मनोविकारशास्त्रात एम.डी., डी.एन.बी. किंवा पदविका घेतलेली असते, आणि म्हणून तो औषध लिहून देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा औषधाचा डॉक्टर नव्हे. मानसशास्त्रात एम.ए. केल्यावर दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. त्याने रुग्णालयात, वरिष्ठांच्या देखरेखीखाली पुरी केलेली असते. बुद्धिमापन, मानसिक चाचण्या आणि बोलण्यातून केलेला उपचार हे त्याचे काम. त्याची नोंद १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. मनोविकार क्षेत्रातील सामाजिक कार्यकर्ता समाजकार्याच्या शिक्षणातून येतो आणि रुग्णाचे घर, नोकरी, नातीगोती यांची घडी बसवतो. या विषयाच्या प्रशिक्षित परिचारिकाही असतात. आणि समुपदेशक? तो एम.ए. झालेला असू शकतो, तसाच पंधरा दिवसांचे प्रमाणपत्र घेतलेलाही असू शकतो.

‘सायकोथेरपिस्ट’ या नावाची तर आपल्या देशात स्वतंत्र सनदच नाही. वकिलाला सनदेशिवाय न्यायालयात उभे राहता येत नाही, पण ‘थेरपिस्ट’ अशी पाटी लावायला आजवर कोणी अडवलेले नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०६ नुसार कोणत्याही व्यावसायिकाला आपल्या शाखेबाहेरचे औषध वा उपचार सुचवता येत नाहीत. समुपदेशक गोळ्या लिहून देत असेल, तर तो कायदा मोडतो आहे, हे पक्षकाराने ओळखले पाहिजे. क्लिनिकल शाखेबाहेरच्या मानसशास्त्रज्ञांना आणि समुपदेशकांना २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या कक्षेत आणले गेले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु कायदा कागदावर येणे आणि नोंदवही प्रत्यक्ष भरणे यांत किती वर्षे जातात, हे आम्ही रोज पाहतो.

कोणी म्हणेल, पदवीचे एवढे स्तोम कशाला? आक्षेप रास्त आहे. या शास्त्राचे शिल्पकार काही एकाच साच्यातून निघाले नाहीत. फ्रॉइड मज्जासंस्थेचे डॉक्टर होते. कार्ल रॉजर्स शेतकीच्या अभ्यासातून धर्मशास्त्राकडे आणि तेथून मानसशास्त्राकडे आले. एरिक एरिक्सन चित्रकार होते, त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवीच नव्हती. डॉक्टर नसलेल्या थिओडोर राइक यांच्यावर व्हिएन्नात भोंदू वैद्यकीचा आरोप आला, तेव्हा त्यांच्या बाजूने फ्रॉइडनीच १९२६ साली पुस्तक लिहिले. म्हणजे डॉक्टर असणे ही एकमेव अट नाही. मात्र एरिक्सन असोत वा राइक, त्यांनी गुरूच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे प्रशिक्षण घेतले होते. ते प्रशिक्षण आणि ती देखरेख पाटीमागे आहे की नाही, एवढेच आम्ही विचारायला सांगतो.

न विचारल्याची किंमत कोर्टात मोजावी लागते. घटस्फोटाच्या दाव्यात बायकोला ‘वेडी’ ठरवण्यासाठी कुठल्याशा केंद्राचे पत्र जोडलेले असते. पत्रावर सही कोणाची, तर समुपदेशकाची! २०१७ च्या कायद्याचे कलम ३ स्पष्ट सांगते की पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून कोणी मनोरुग्ण ठरत नाही, आणि मानसिक आजाराचे निदान झाले तरी सक्षम न्यायालयाने ठरवल्याखेरीज त्या व्यक्तीला विकल मनाची म्हणता येत नाही. तेव्हा असे पत्र पुढे आले की सही करणाऱ्याची पदवी आणि नोंदणी क्रमांक मागावा, असे आम्ही भगिनींना आवर्जून सांगू इच्छितो.

आता आपल्या सोलापूरकडे पाहू. लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली, जुनी मिल तर केव्हाच गेली. गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या घरांत बेकारी आली, पाठोपाठ बाटली आली आणि संसाराचा भार विडी वळणाऱ्या बाईच्या बोटांवर पडला. व्यसन, उदासपणा, झोप उडणे, अंगात येणे, सगळ्यांना एकच इलाज: देवऋषी आणि अंगारा. एका अंदाजानुसार देशात एक लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ एकसुद्धा भरला नाही. आकडा होता ०.७५. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सिव्हिल हॉस्पिटल हा गरिबाचा आधार आहे. पण तेथील गर्दीत डॉक्टरला एका रुग्णासाठी किती मिनिटे मिळणार? शिवाय मनाचा उपचार भाषेतून होतो. या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या चारही भाषांत माणसे रडतात. पूर्व भागातल्या विणकर बाईचे दुःख तेलुगू न समजणाऱ्याने कसे ऐकावे? भाषा ही या व्यवसायात पात्रतेइतकीच मोलाची आहे.

तीच गोष्ट जातीची. कलम १८ नुसार मानसिक उपचार देताना जातीवरून भेदभाव करता येत नाही. भेदभाव मात्र दारातून हाकलण्यानेच होतो असे नाही. मुलगा सांगतो, वसतिगृहात मला माझी रँक विचारून हिणवतात. आणि समोरचा म्हणतो, तू फार मनावर घेतोस! जखम दुसऱ्याने करायची आणि दोष जखमीच्या कातडीला द्यायचा, असा हा प्रकार. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी गेली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याच्या आरोपाचा खटला उभा राहिला. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई आयआयटीत दर्शन सोळंकी गेला. त्या काळात तेथील आंबेडकर पेरियार फुले स्टडी सर्कलने समुपदेशन केंद्रातील आरक्षणविरोधी भूमिकेवर जाहीर आक्षेप घेतला होता. आरक्षणाने आलेल्या विद्यार्थ्याने अशा जागी मन उघडावे कसे?

अमेरिकेतील केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने काळ्या मुलांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हटली. वंशभेदाने कोवळ्या मनाला काय होते ते या प्रयोगाने दाखवले, आणि शाळांतील वंशभेद रद्द करणाऱ्या १९५४ च्या ब्राउन खटल्यात क्लार्क यांच्या अभ्यासाचा दाखला न्यायालयाने घेतला. ज्यांनी तो जाच जवळून पाहिला त्यांनीच तो प्रश्न विचारला. म्हणून आपल्या जातीचाच समुपदेशक हवा, असे आमचे म्हणणे नाही. ज्याला जात हे मानसिक आघाताचे कारण म्हणून शिकवले गेले आहे, असा समुपदेशक हवा. उपेक्षित समाजातील विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, हे २०२५ च्या निकालातही नमूद आहे.

पण आपली मुले या व्यवसायात यायची कोणत्या वाटेने? बी.ए.ला मानसशास्त्र घेणाऱ्या मुली सोलापुरात पुष्कळ आहेत. पुढे नोकरी सांभाळून इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून एम.ए. करता येत असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्र शिकवणे बंद केले. दर्जासाठी ते बंद केले, हे आम्हाला मान्य आहे. रुग्णासमोर न बसता उपचार शिकता येत नाही. एम.फिल.चीही वाट मोडीत निघून तिच्या जागी नवे अभ्यासक्रम येत आहेत. मात्र एक दार बंद करताना दुसरे उघडावे लागते. विडी कामगाराच्या मुलीने पूर्णवेळ शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला राहायचे, तर खोलीचे भाडे कोण देणार? हजारो पदे निर्माण होणार आणि ती भरताना पुन्हा ‘पात्र उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा मारला जाणार, हा डाव आपण पूर्वीही पाहिला आहे.

म्हणून चळवळीने आताच मागणी केली पाहिजे. सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात क्लिनिकल मानसशास्त्राचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम सुरू करावा. या शिक्षणासाठी बार्टीने स्वतंत्र शिष्यवृत्ती द्यावी. समुपदेशकांच्या पदांना आरक्षण लागू करून ती कायमस्वरूपी भरावीत, कंत्राटावर नव्हे. आपल्या पाल्याच्या शाळेत कोण नेमला, त्याचे शिक्षण काय, हे पालकांनी लेखी विचारावे. सरकारी अथवा अनुदानित शाळा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

आणि ज्या घरात आज कोणी मनातून खचलेले आहे, त्या घराने या मागण्या पूर्ण होण्याची वाट पाहू नये. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलता येते. सिव्हिलच्या मनोविकार विभागात जाण्यात कमीपणा नाही. जाताना तीनच गोष्टी विचारा: आपले शिक्षण काय, नोंदणी कोठे, आणि आमच्या या त्रासाचा आपल्याला अनुभव आहे का? खरा तज्ज्ञ या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावेल, त्याच्या दारातून तसेच मागे फिरा आणि पुढचे दार ठोठवा.