अर्ध्यावर तोडलेलं वचन

जगात गरीब राहणारच, हे खुद्द येशूनेच सांगून ठेवलंय, असं म्हणणारे दोन तऱ्हेचे लोक भेटतात. काही जण ख्रिस्ती धर्माचे टीकाकार असतात. हा धर्म गरिबी देवाच्या माथी मारतो, असं त्यांना दाखवायचं असतं. बाकीचे स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात आणि त्यांना हात आखडता घ्यायला सबब हवी असते. अमेरिकेत 2017 साली गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेवर वाद पेटला, तेव्हा कॅन्ससचे काँग्रेस सदस्य रॉजर मार्शल यांनी याच वचनाचा आधार घेतला होता, आणि ते पेशाने डॉक्टर! टीकाकार आणि सबब शोधणारे, दोघांनीही वचन अर्ध्यावर तोडलंय. त्याची किंमत कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यातल्या औरादसारख्या तालुक्यात मोजावी लागते.

या जिल्ह्यात मेथडिस्ट मिशनचं काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालं आणि रुजलं ते प्रामुख्याने दलित वस्त्यांत, भूमिहीन मजुरांत. म्हणजे वचनात ज्यांचा उल्लेख आहे ते गरीब इथे प्रार्थनेला समोरच बसलेले असतात. त्यांना शुभवर्तमान म्हणून काय ऐकवायचं? तुमचं हे असंच चालायचं, देवाने तसं ठरवलंय? हे सांगायला ख्रिस्ताची काय गरज होती? गावचा सावकार तेच सांगत आला आहे.

मुळात प्रसंग काय आहे, ते पाहू. मार्काच्या शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायात बेथानी गावी कुष्ठरोगी शिमोनाच्या घरी येशू जेवायला बसला आहे. वल्हांडण सण दोन दिवसांवर आलाय. एक बाई जटामांसीच्या अस्सल तेलाची कुपी घेऊन येते, ती फोडते आणि सगळं तेल त्याच्या डोक्यावर ओतते. जटामांसी उगवते हिमालयात. तिथून यरुशलेमच्या वेशीपर्यंत आलेलं ते तेल. बसलेल्यांपैकी काही जण चिडतात. हे तेल तीनशे दीनारांहून अधिक किमतीला विकून पैसे गरिबांना देता आले असते, असं त्यांचं म्हणणं. दीनार म्हणजे त्या काळची मजुराची दिवसाची मजुरी. शब्बाथाचे दिवस वगळले तर तीनशे दीनार म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई. आमच्याकडच्या हिशेबात सांगायचं तर एका गड्याचं आख्खं साल.

येशू त्यांना गप्प करतो. गरीब तुमच्यासोबत नेहमीच आहेत, मी मात्र नेहमी नाही, असं म्हणतो. पण या दोन वाक्यांच्या मध्ये मार्काने आणखी एक वाक्य जपून ठेवलंय: वाटेल तेव्हा तुम्हाला त्यांचं भलं करता येतं. वचनाचा दाखला देणारे नेमकं तेवढंच गाळतात.

शिवाय त्याचं हे बोलणं आलंय कुठून? जुन्या करारात, अनुवाद पुस्तकाच्या 15व्या अध्यायात ते आहे. कीर्तनात बुवांनी अर्धा चरण उचलला की पुढचा अर्धा मंडपच म्हणतो. नियमशास्त्र ऐकतच वाढलेल्या त्या यहुदी मंडळींचं तसंच होतं. येशूने पहिला अर्धा उच्चारला आणि दुसरा त्यांच्या कानात आपसूक वाजला असणार. देशातले गरीब संपणार नाहीत, असं तिथे आहे खरं, पण वाक्य तिथे थांबत नाही. म्हणूनच मी तुला आज्ञा करतो की गरजू भावासाठी हात मोकळा ठेव, असा त्याचा रोख आहे. गरिबी न संपणं हे तिथे हुकमाचं कारण आहे. हेच लोक त्याचा वापर हुकूम मोडायला करतात!

तो अध्याय उघडतोच मुळी कर्जमाफीने. दर सातव्या वर्षी कर्जं सोडून द्यायची. चौथ्या वचनात तर तुमच्यात कोणी गरीब असूच नये, असं म्हटलंय. पुढे दास म्हणून राबलेल्या माणसाची गोष्ट येते. सहा वर्षं राबून सातव्या वर्षी तो सुटला की त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. कळपातून, खळ्यातून, द्राक्षकुंडातून त्याच्या पदरात घालायचं.

खळ्यातून! औरादच्या शिवारात हे वाचताना अंगावर काटा येतो. इथे सालगड्याचं साल पाडव्याला फिरतं. पाडव्याला हिशेब होतो. उचल किती, खाडे किती, बायकोच्या दवाखान्याला मध्येच घेतलेले किती, पोरीच्या लग्नाला किती. खाडे कापले जातात, घेतलेलं चढवलं जातं आणि बाकी नव्या सालावर टाकली जाते. गडी त्याच बाकीपायी त्याच खुंट्याला. वेठबिगारी कायद्याने 1976 साली बंद झाली. पण जिथे बाकी फिटत नाही तिथे कायद्याचा कागद आणि गड्याचं जगणं यांत अंतर राहतंच. तूर आणि सोयाबीन ज्याच्या घामावर खळ्यात आली, तो खळ्यातून काय घेऊन जातो, हा प्रश्न त्या अध्यायाने विचारून ठेवलाय.

आता दुसरा आक्षेप, जास्त अवघड. येशूने गरिबांपेक्षा स्वतःवरच्या उधळपट्टीची बाजू घेतली. मग आम्ही मंदिराला सोन्याचा कळस किंवा चर्चला संगमरवर लावला तर काय बिघडलं? बिघडलं ते असं, की त्याने कारण सांगितलंय. हे तेल त्याच्या दफनाचं होतं. एकदाच, मरणाच्या दारात. आणि मत्तयाने हाच प्रसंग सांगण्याच्या आदल्याच अध्यायात लिहिलंय की भुकेल्याला, उघड्याला, तुरुंगातल्याला जे दिलं ते मलाच दिलं, असं तो म्हणाला. म्हणजे त्याच्यामागे कुपी फोडायची ती कुठे, हे आधीच सांगून झालं होतं. शिवाय त्या बाईने स्वतःचं दिलं. कुरकुरणारे दुसऱ्याच्या मालाचा हिशेब मांडत होते. योहानाने तर कुरकुरणाऱ्याचं नाव दिलंय. तो यहूदा, सगळ्यांची थैली सांभाळणारा आणि तिच्यातलं काढून घेणारा.

पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांतून बायबल मराठीत आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर 1924 साली छापून झालं. म्हणजे हे वचनही त्यांनी अक्षर न् अक्षर तोललेलं. त्याच रमाबाई 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती उभं केलं. गरीब राहणारच, असं त्यांना त्यात दिसलं नाही.

उरला व्यवहाराचा मुद्दा: कर्ज माफ होणार म्हटल्यावर उद्या देणार कोण? कर्नाटकाचा ऋणमुक्ती कायदा 2019 साली लागू झाला. लहान शेतकरी, भूमिहीन मजूर यांच्या खासगी सावकारी कर्जासाठी तो होता. तेव्हाही हेच विचारलं गेलं. आक्षेप खोटा नाही. येशूच्या थोडं आधी हिल्लेल नावाच्या थोर धर्मगुरूने याच भीतीपोटी प्रोझबुलची तोड काढली. कर्ज न्यायसभेच्या नावावर करायचं, म्हणजे सातव्या वर्षी ते बुडत नाही. त्यामागचा हेतू चांगला होता, गरिबाला कर्ज मिळत राहावं हा. परंतु अनुवादाच्या त्याच अध्यायातलं नववं वचन या भीतीला आधीच गाठतं. सातवं वर्ष जवळ आलं म्हणून देताना मन खोटं करू नकोस, नाहीतर तो गरजू भाऊ देवाकडे तुझी तक्रार करील, असा तिथे इशारा आहे. अनुवादातल्या या कायद्यात परक्याकडून वसुलीची मुभा आहे, ही मर्यादा टीकाकारांनी दाखवली तर मान्य करायलाच हवी. भाऊ कोण, याचं कुंपण पुढे चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात येशूनेच मोडलं.

पवित्र सप्ताह आणि पाडवा दोन्ही मार्च-एप्रिलमध्ये पडतात. बेथानीचा उतारा मंडळीत वाचला जातो तेव्हा गावात सालाचे हिशेब कुठे नुकतेच झालेले असतात, कुठे व्हायचे असतात. त्याच आठवड्यात अनुवादाचा 15वा अध्यायही पहिल्यापासून अठराव्या वचनापर्यंत मोठ्याने वाचला जावा, एवढी माझी औरादच्या पाळकांना विनंती आहे. आणि ज्याच्या पदरी गडी आहे त्या प्रत्येक शेतकऱ्याने, तो ख्रिस्ती असो वा नसो, दवाखान्याचे पैसे बाकीत धरू नयेत.