गल्लीतील मोटारी आणि रहिवाशांचा हक्क

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतील एका वयोवृद्ध गृहस्थांच्या छातीत भर दुपारी कळा येऊ लागल्या. रुग्णवाहिका बोलावली, ती वेळेवर आलीही. पण गल्लीच्या तोंडाशीच थबकली. दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या, त्यांच्या पोटाशी फटफट्यांची रांग, आणि मधून फार तर एक हातगाडी जाईल एवढी वाट. शेवटी चार तरुणांनी आजोबांना वेताच्या खुर्चीत बसवले आणि ती खुर्ची खांद्यावर घेऊन मुख्य रस्ता गाठला. आजोबा वाचले, म्हणून हा प्रसंग शोकवार्तेच्या रकान्यात न जाता या स्तंभात येत आहे. मागाहून आम्ही त्या मोटारींच्या धन्यांचा शोध घेतला, तेव्हा निम्म्याहून अधिक मोटारी गल्लीत कोणाच्याच ओळखीच्या नव्हत्या असे आढळले. कोणी खरेदीस आलेले, कोणी जवळच्या कचेरीत नोकरीस असलेले, तर कोणी पलीकडच्या बाजारात दुकान थाटून बसलेले. त्यांपैकी एकाच्याही मनात दुष्टावा नव्हता. आपली मोटार दुसऱ्याच्या दारात दिवसभर ठेवण्यात काही वावगे आहे हेच मुळी कोणाला वाटत नव्हते.

आमच्या शहराची बाजारपेठ आणि वस्ती एकमेकींना चिकटून आहेत. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली येथे खानापूर-चंदगडपासूनचा माणूस खरेदीस येतो, ही या गावची शोभा आहे आणि पोटही. पण बाजार भरून वाहू लागला की त्याचे पाणी शेजारच्या राहत्या गल्ल्यांत शिरते. सकाळी दहाला आलेली मोटार रात्री आठला हलते. रहिवासी घरी परततो तो स्वतःच्या दारात पाहुणा होऊन. मग तो काय करतो? दारापुढे दगड मांडतो, तुळशीच्या रिकाम्या कुंड्या ठेवतो, मोडकी खुर्ची किंवा पाण्याचे पिंप उभे करतो. ज्याचा आवाज मोठा त्याचे पिंप टिकते. विधवा बाईची कुंडी मात्र संध्याकाळपर्यंत गटारात गेलेली असते. परवान्याची पद्धत नको म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की परवाना आजही आहेच. तो दांडगाईचा आहे, एवढेच.

आम्ही येथे ज्या व्यवस्थेची शिफारस करीत आहोत ती साधी आहे. ठरावीक राहत्या गल्ल्यांत ठरावीक वेळी केवळ तेथील रहिवाशांनी, त्यांच्या पाहुण्यांनी आणि कामानिमित्त त्यांच्याकडे येणाऱ्यांनीच मोटारी उभ्या कराव्यात. त्यासाठी रहिवाशाला त्याच्या वास्तव्याच्या पुराव्यावर परवाना द्यावा, आणि इतरांनी ठरलेल्या वाहनतळावर किंवा शुल्काच्या जागेवर जावे. परवाना या शब्दावर आमची भक्ती आहे असे कोणी समजू नये. मिरवणुकीला परवाना, सभेला परवाना, ध्वनिक्षेपकाला परवाना, आणि मागितलेला परवाना ऐन आदल्या रात्री नाकारण्याची रीत, हे सारे भोगलेल्या माणसाच्या कपाळाला तो शब्द ऐकताच आठ्या पडतात. तरीही आम्ही आज तो मागत आहोत, कारण दुसरा उपाय आम्हांला दिसत नाही. वर्षातून एखादे वेळी आम्ही रस्ता रोखतो आणि त्याबद्दल खटले अंगावर घेतो. गल्लीतील मोटारी तेच काम रोज करतात, आणि त्यांच्यावर कधी पंचनामाही होत नाही.

पहिला आक्षेप उघड आहे आणि तो क्षुल्लक नाही. रस्ता सार्वजनिक, कर सर्वांनी भरलेला. मग एका गल्लीच्या लोकांनी त्यावर आपली पाटी लावावी हा कोणता न्याय? हाच प्रश्न अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात न्यायालयापर्यंत गेला होता. आर्लिंग्टन परगण्यात क्रिस्टल सिटी या कचेऱ्यांच्या मोठ्या संकुलाशेजारी अरोरा हायलँड्स ही वस्ती आहे. संकुलात कामास येणारे लोक सकाळी वस्तीत मोटारी उभ्या करून जात. तेव्हा परगण्याच्या मंडळाने कामाच्या दिवशी सकाळी 8 ते सायंकाळी 5 या वेळात तेथे परवान्यावाचून मोटार उभी करण्यास मनाई केली. बाहेरून येणारे न्यायालयात गेले, आणि व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौलही दिला. परंतु 1977 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. वस्तीतील धूर, गोंगाट आणि गर्दी कमी व्हावी, लोकांनी एकत्र मोटारीने वा सार्वजनिक वाहनाने यावे, असे एखाद्या वस्तीने ठरविल्यास त्यात समानतेचा भंग होत नाही, असा त्या निकालाचा आशय. परदेशातील निकाल आमच्यावर बंधनकारक नाही, हे आम्ही जाणतो. पण त्यातील युक्तिवाद आमच्या गल्लीतही तितकाच खरा आहे. रस्त्यावरून जाण्याचा हक्क सर्वांचा, आणि तो कोणी हिरावून घेऊ नये. रस्त्याचे कोठार करण्याचा हक्क मात्र कोणाचाच नाही. ती एक सवलत आहे, आणि सवलत कोणाला व कोणत्या अटीवर द्यावी हे ठरविण्याचा अधिकार समाजाला आहे. आपल्याकडेही 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 117 अन्वये वाहने कोठे उभी करावीत हे स्थानिक संस्थेच्या विचाराने ठरविण्याची तरतूद आहेच.

दुसरा आक्षेप रहिवाशांकडून येतो आणि तो अधिक चढ्या आवाजात येतो: आमच्याच दारात मोटार ठेवायला आम्ही पैसे का द्यावेत? येथे आम्हांला आमच्याच वाचकांशी थोडे कटू बोलावे लागेल. एका मोटारीला लागणारी जागा म्हणजे 5 मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद, साधारण 135 चौरस फूट. शिकायला आलेल्या मुलाला आपण भाड्याने देतो ती खोली पुष्कळदा याहून लहान असते, आणि तिचे भाडे आपण महिन्याच्या एक तारखेस चोख घेतो. मग सार्वजनिक जमिनीवर आपल्या मोटारीने केलेला बारमाही मुक्काम फुकट का असावा? ज्याच्या घरी मोटार नाही, सायकलही नाही, त्या गल्लीतील शिंप्याने वा मोलकरणीने भरलेल्या कराने तो रस्ता झालेला आहे. बंगळूर शहरासाठी 2021 च्या आरंभी राज्य शासनाने जे पार्किंग धोरण मान्य केले, त्यात रहिवाशांच्या परवान्यासाठी लहान मोटारीला वर्षाला 1,000 रुपये आणि सर्वांत मोठ्या मोटारीला 5,000 रुपये असे शुल्क सुचविले होते. लहान मोटारीचे दिवसाला तीन रुपयेही पडत नाहीत. एवढ्याने कोणी भिकेस लागणार नाही.

परंतु शुल्क आले की त्यावर सरकारी तिजोरीची दृष्टी जाते, ही भीतीही खोटी नाही. लंडनमधील बार्नेट येथील स्थानिक मंडळाने रहिवाशांच्या परवान्याचे शुल्क 40 पौंडांवरून 100 पौंडांवर नेले, आणि पाहुण्यासाठीची चिठ्ठी एका पौंडावरून चार पौंडांवर. लोक उच्च न्यायालयात गेले. 2013 साली न्यायालयाने ही वाढ बेकायदा ठरविली. वाहतुकीच्या नियमनासाठी केलेला कायदा महसूल गोळा करण्यासाठी वापरता येणार नाही, असे तेथे निक्षून सांगण्यात आले. आमची मागणी यातूनच निघते. परवान्याचे पैसे वेगळ्या खात्यात पडावेत आणि त्याच गल्लीच्या दिव्यांवर, गटारांवर, फरसबंदीवर खर्च व्हावेत. अमेरिकेत पॅसाडीना गावाच्या जुन्या पेठेत 1993 साली पार्किंगचे मीटर बसविले, तेव्हा त्यांचे उत्पन्न त्याच पेठेच्या सुधारणेस देण्याचे ठरले, म्हणून व्यापाऱ्यांचा विरोध मावळला. पैसा कोठे गेला हे डोळ्यांना दिसले की माणूस तो फारशी कुरकुर न करता देतो.

व्यापाऱ्यांना आम्ही शत्रू मानीत नाही. या दैनिकाचे अनेक हितचिंतक गल्ल्यावर बसूनच ते वाचतात. गिऱ्हाईक तुटेल ही त्यांची चिंता. पण त्यांनी एकदा प्रामाणिकपणे आपल्या दुकानापुढे पाहावे. सकाळपासून रात्रीपर्यंत तेथे जी मोटार उभी असते ती गिऱ्हाइकाची असते, की दुकानदाराची स्वतःची? गिऱ्हाईक तासाभरात जाते. त्याच्यासाठी मुख्य बाजारात थोड्या वेळाची, शुल्काची जागा राखावी. एका जागेवर दिवसभरात आठ गिऱ्हाइके येतील. दिवसभर उभी राहणारी वाहने बापट गल्लीतल्यासारख्या वाहनतळांवर न्यावीत. चार पावले चालल्याने धंदा बुडत नाही.

आता या व्यवस्थेचे दोष. ते लपवून लोकांना आंदोलनात ओढणे आम्हांला मान्य नाही.

परवाना म्हणजे जागेची हमी नव्हे. गल्लीत चाळीस जागा आणि परवाने ऐंशी, असे झाले तर पूर्वी परक्यांशी होणारी भांडणे शेजाऱ्या-शेजाऱ्यांत होतील, आणि ती अधिक विषारी असतील. अमेरिकेतील बॉस्टन शहरात अनेक वर्षे हे परवाने फुकट आणि संख्येच्या मर्यादेवाचून दिले गेले. जागा मात्र वाढल्या नाहीत. म्हणून आधी जागा मोजाव्यात, मग परवाने छापावेत. एका बिऱ्हाडास एक परवाना, दुसऱ्यास जबर शुल्क, तिसरा नाही. आणि मोजताना अग्निशामक बंबाची वाट प्रथम सोडावी. हिशेब कोणीही करून पाहावा. गल्ली 20 फूट रुंद धरली, तर दोन बाजूंच्या दोन मोटारी साडेअकरा फूट खातात, गटाराकडेची वीत-वीत जागा वजा केली की मधे सात फूट उरतात. आणि बंब असतो सुमारे आठ फूट रुंद. म्हणजे अशा गल्लीत एकाच बाजूस मोटारी उभ्या राहतील, हे सूत्र परवान्याच्याही आधीचे आहे. ज्या बोळांत तेवढीही रुंदी नाही तेथे एकही मोटार नको, मग ती नगरसेवकाची असली तरी.

दुसरा दोष असा की एका गल्लीत बंदी झाली की मोटारी शेजारच्या गल्लीत जातात. केळकर बागेत परवाना आणि समादेवी गल्लीत मोकळे रान, असे करून भागणार नाही. बाजारालगतच्या साऱ्या वस्तीचा एकत्र विचार व्हावा.

तिसरी गोष्ट दुचाकींची. विलायतेच्या योजना मोटारींसाठी लिहिलेल्या आहेत. आपल्या गल्लीत मोटारीच्या कितीतरी पट फटफट्या आहेत. त्यांना परवान्यात गुंतवू नये, पण दर वीस-पंचवीस घरांमागे त्यांची आखलेली जागा असावी, नाहीतर मोटारी हटलेली जागा त्या तासाभरात व्यापतील.

आणि परवाना घरमालकास नव्हे, राहणाऱ्यास मिळावा. भाडेकरूचे वास्तव्य मालकाच्या मर्जीच्या चिठ्ठीवर ठरता कामा नये. विजेचे बिल वा शिधापत्रिका पुरेशी मानावी. गौरी-गणपतीला माहेरी आलेली लेक, बारशाला जमलेले आप्त, रुग्णाकडे येणारी परिचारिका यांच्यासाठी पाहुण्यांच्या चिठ्ठ्या असाव्यात, आणि अर्जाचा कागद येथील माणसाला वाचता येईल अशा भाषेत असावा. या शेवटच्या वाक्यावर आम्ही आज अधिक लिहीत नाही. त्यासाठी या पानाच्या इतर अनेक जागा खर्ची पडल्या आहेत.

कोणी म्हणेल, मुळावरच घाव का घालू नये? जपानने तो 1962 साली घातला. तेथे मोटार ठेवण्यास स्वतःची जागा असल्याचा पोलिसांचा दाखला मिळाल्यावाचून सामान्यतः मोटारीची नोंदणीच होत नाही. ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते, आणि रात्री आठ तासांहून अधिक वेळ रस्त्यावर एकाच ठिकाणी मोटार ठेवणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्रातही 2025 साली परिवहन मंत्र्यांनी अशाच नियमाचा मनोदय बोलून दाखविला. कल्पना उत्तम आहे, पण ती उद्याच्या मोटारींना लागू पडेल. ज्या आज गल्लीत उभ्या आहेत त्यांचे काय, याचे उत्तर तिच्यात नाही. शिवाय पुण्याचा अनुभव ताजा आहे. 2018 साली तेथील महापालिकेने मोठे पार्किंग धोरण आणले, गदारोळ उठला, आणि अखेर सर्व शहराऐवजी पाच रस्त्यांवर प्रयोग करण्याचे ठरले. तो प्रयोगही पुढे वर्षानुवर्षे कागदावर राहिला. एकदम साऱ्या शहरास नियम लावू जाणाऱ्यांची गत अशी होते.

म्हणून आरंभ लहान असावा आणि तो कचेरीतून नव्हे, गल्लीतून व्हावा. प्रत्येक गल्लीत उत्सव मंडळ आहे, पंच आहेत, वर्गणीच्या वह्या आहेत. त्यांतल्याच एका वहीत, कामाच्या कोणत्याही दिवशी, रात्री अकराला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला उभ्या असलेल्या मोटारी मोजून लिहाव्यात. रात्रीचा आकडा रहिवाशांचा, दुपारचा त्यांत भर घालणाऱ्या बाहेरच्यांचा. सोबत फुटपट्टीने मोजलेली गल्लीची रुंदी. दोन-तीन गल्ल्यांच्या अशा वह्या, रहिवाशांच्या सह्यांसह, महापालिकेच्या आयुक्तांपुढे ठेवल्या, तर त्या एका वर्षाच्या प्रयोगाला नाही म्हणणे त्यांना सोपे जाणार नाही. आमच्या गल्लीची रुंदी आम्ही काल मोजली. ती एकोणीस फूट भरली. रात्रीची मोजणी येत्या सोमवारी करावयाची आहे. दुपारच्या मोजणीस दोन माणसे कमी पडत आहेत. ज्यांना सवड असेल त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे.