नकली शिक्क्यांची वास्तुशांत

डोंबिवलीत एक-दोन नव्हे, ६५ इमारती उभ्या राहिल्या. महापालिकेच्या परवानगीचे कागद बनावट, पण त्यांच्या जोरावर मिळवलेले महारेराचे नोंदणी क्रमांक मात्र अस्सल! नोव्हेंबर २०२४मध्ये उच्च न्यायालयाने पाडकामाचा आदेश दिला, तेव्हा आतली कुटुंबे गृहकर्जाचे हप्ते फेडत होती. नालासोपाऱ्यात सांडपाणी केंद्र आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर ४१ इमारती चढल्या, माणसांनी भरल्या आणि २०२५च्या आरंभापर्यंत पोलीस बंदोबस्तात भुईसपाट झाल्या. फेरीवाल्याची हातगाडी दोन गल्ल्यांवरून हेरणाऱ्या पालिकेला ४१ इमारती दिसल्या नाहीत!

पण सरकारचा समाचार नंतर. आधी आम्हाला आमच्याच वाचकाचा कान धरायचा आहे.

हा वाचक पदवीधर आहे, संगणकावर पोट भरतो. घर घ्यायला निघाला की त्याच्या हातात होकायंत्र येते. देवघर ईशान्येला बसते का, ओटा आग्नेयेला आहे का, हे तो अंशाअंशाने तपासतो. मंजूर नकाशा मात्र मागत नाही. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र किती मजल्यांचे, सात-बारावर बोजा कुणाचा, हे विचारायला त्याला संकोच वाटतो. समोरचा कॉफी पाजतो आहे, त्याला काय वाटेल! पाडव्याला बुकिंग केले की किचन ट्रॉल्या फुकट, एवढ्यावर गडी विरघळतो. सॅम्पल फ्लॅटमधल्या खोल्यांना दारे का नाहीत आणि पलंग सहा फुटांहून आखूड का, हे मोजायला खिशातली टेप बाहेर काढत नाही. मग ताबा मिळाल्यावर जुने कपाट जिन्यातच अडकते, तेव्हा कार्पेट आणि सुपर बिल्ट-अप यांतला फरक समजतो.

२०१६च्या रेरा कायद्याचे तेरावे कलम सांगते की, करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. पण ‘पुढच्या महिन्यात रेट वाढतोय, साहेब’ हे एक वाक्य त्या कलमाला भारी पडते. टोकन दिले जाते. त्यातले काही रोखीने, पिशवीतून. पावतीचे नंतर बघू म्हणे! मुद्रांक शुल्क वाचवायला काळ्यात मोजलेल्या पैशांचा दावा हा शहाणा उद्या कुठल्या तोंडाने लावणार आहे?

आणि भोगवटा प्रमाणपत्र? ‘ओसी येईल हो, तुम्ही पझेशन घ्या’ या आश्वासनावर सत्यनारायण घालून राहायला गेलेली माणसे आज टँकरची बिले वाटून घेत आहेत. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमधल्या लोकांनी ऐंशीच्या दशकात परवानगी नसलेले मजले असेच घेतले. पुढे सारे नियमित होईल, हा भरवसा. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला, आणि पुढच्या वर्षी पालिकेची माणसे वीज, पाणी, गॅस तोडायला दारात आली. ती वस्ती गरिबांची नव्हती, अडाण्यांची तर नव्हतीच.

आता सरकार. ज्या घराला तुम्ही आज बेकायदा म्हणता, त्याच्या दस्ताला शिक्का कुणाच्या कचेरीत बसला? मुद्रांक शुल्क कुणाच्या तिजोरीत गेले? विचारले की उत्तर तयार: दस्त नोंदवला म्हणजे मालकी सिद्ध होत नाही. कायद्याने ते खरेही आहे. पण मग एवढे पैसे घेता ते कशाचे? अंगठा उठवायचे? याच राज्यात बेकायदा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावण्याची तरतूद झाली. पिंपरी-चिंचवडच्या घरमालकांनी ती वर्षानुवर्षे डोक्यावर वाहिली, तेव्हा कुठे २०२३मध्ये थकबाकी माफ झाली. शास्ती भरून घर कायदेशीर होत नव्हतेच. पापात भागीदारी करून हिस्सा वसूल करायचा आणि पुण्याच्या गोष्टी सांगत बुलडोझर आणायचा, याला राज्यकारभार म्हणतात काय? बँकांचा सर्च रिपोर्टही त्याच माळेचा मणी: हप्ता बुडाला की खडबडून जागा होणारा, कर्ज देताना गाढ झोपलेला.

नव्या घराचा परवानगी क्रमांक पालिकेच्या दप्तराशी जुळल्याखेरीज दुय्यम निबंधकाने दस्त नोंदवूच नये, एवढा साधा नियम करायला आणखी किती इमारती पाडाव्या लागणार? आणि तोवर, ज्याच्या घरावर हातोडा पडणार आहे त्याचे मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी पाडकामाच्या आदल्या दिवशी परत करा. ज्या खिडकीवर घेतली, त्याच खिडकीवर. व्याजासकट.