मका आणला, रीत विसरली



मका म्हटला की आपल्याला भाजलेले कणीस आठवते, नाहीतर कोंबड्यांचे खाद्य. मक्याचे मूळ घर मेक्सिको. तिथे गल्लीबोळांत ‘ताकेरिया’ नावाच्या स्वस्त खाणावळी असतात. कामकरी माणसे उभ्याउभ्याच जेवून जातात. मक्याची तळहाताएवढी गरम भाकरी, तिच्यावर मांसाचे तुकडे किंवा शिजवलेला घेवडा, चिरलेला कांदा, कोथिंबीर, मिरचीची चटणी आणि वर लिंबू. घडी घालायची नि खायचे. हाच ताको.

खरी मेख आहे भाकरीत. जुन्या रीतीप्रमाणे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात. सकाळी धुऊन ओलाच वाटतात. त्याने पिठाला चिकटपणा येतो, कॅल्शियम वाढते आणि दाण्यात अडकलेले नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागते.

मका युरोपात गेला, चुन्याची रीत मागेच राहिली. मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांना पेलाग्रा जडला. कातडी सोलते, हगवण लागते, बुद्धीला भ्रम होतो. पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागातही या रोगाने हजारो माणसे दगावली. नायसिनने तो बरा होतो, हे १९३७ सालानंतर उमगले.

तुमच्या घरी रोजची भाकरी मक्याची असेल, तर ताटात डाळ, शेंगदाणे आणि दूध असू द्या. लेकराबाळांना कोरड्या भाकरीवर ठेवू नका. आणि परमुलखातले बियाणे आणाल, तेव्हा ते तिथल्या बाया कसे रांधतात, हेही विचारून घ्या.