नाव माझे, भाडे वर्षाचे

एका कंपनीने माझे खाते कारण न देता बंद केले. नावाबरोबर चार वर्षांच्या कविताही गेल्या. तेव्हापासून मी म्हणतो, नाव कंपनीकडून घेऊच नये! ब्लूस्कायवर स्वतःचे डोमेनच नाव म्हणून लावता येते. डोमेनच्या नोंदींत खात्याची कायमची खूण लिहिली, की ओळख पटते. कुणाचा शिक्का लागत नाही.

वर्गमित्र हसला, "डोमेन तरी तुझे कुठे? भाडे थकले की दुसरा घेईल." खरे आहे. पण मग नवे डोमेन त्याच खुणेला जोडता येते, वाचक तुटत नाहीत. आणि भाडे घेणारा आवडला नाही, तर तेच नाव घेऊन दुसऱ्याकडे जाता येते. त्या कंपनीकडून मला एक ओळही परत आणता आली नाही.