मोहोर शाबूत आहे ना?

सिनेमात एकच तज्ज्ञ भिंगातून पाहतो आणि खुनी ओळखतो. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत मात्र एकाच गुन्ह्याचा मुद्देमाल अनेक हातांत वाटला जातो. विषबाधेचा संशय असेल तर व्हिसेरा विषशास्त्र विभागाकडे, रक्ताचे डाग जीवशास्त्र विभागाकडे, पिस्तूल व गोळी बॅलिस्टिक्सवाल्यांकडे. बोटांचे ठसे सहसा पोलिसांच्या अंगुलिमुद्रा केंद्राकडे जातात. असे जगातील पहिले केंद्र आपल्याच कलकत्त्यात, १८९७ साली निघाले!

पण निम्मी लढाई प्रयोगशाळेच्या दाराबाहेरच ठरते. व्हिसेरा टिकवायला घरातल्या साध्या मिठाचे संपृक्त द्रावण वापरतात. फॉर्मलिन घातले तर विष शोधणेच अवघड होते. रक्ताचे ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले की कुजतात. ते सावलीत वाळवून कागदात गुंडाळावे लागतात. बरणी आली की आधी लाखेची मोहोर नमुन्याशी ताडून पाहतात. ती तुटलेली असेल, तर अचूक अहवालावरही आरोपीचा वकील बोट ठेवतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे.