बारा सेकंद सगळ्यांना पाठ, कुरणातली दोन वर्षं कुणालाच नाहीत



आज मला माझीच एक चूक दुरुस्त करायची आहे.

राइट बंधूंची गोष्ट मी ट्रेनिंगमध्ये चार वर्षं सांगतेय. दोन भाऊ, सायकलचं दुकान, कॉलेजची डिग्री नाही. दुसऱ्या बाजूला स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख लँग्ली, त्यांच्या पाठीशी सरकारचे ५० हजार डॉलर. भावांचा खर्च हजार डॉलरच्या आत. आणि १७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉकच्या वाळूत यांचं विमान बारा सेकंद उडालं! "बारा सेकंदांनी जग बदललं. तुमचे बारा सेकंद कुठे आहेत?" असं विचारून मी थांबायचे. टाळ्या हमखास.

गोष्ट खोटी नाही. पण अर्धी आहे. आणि अर्धी गोष्ट सांगून मी एका माणसाचं नुकसान केलंय, हे मला अमेरिकेतल्या एका कुरणात उभं राहिल्यावर कळलं.

झालं असं की, धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी आई आणि मी ओहायोतल्या कोलंबसला गेलो होतो. एका रविवारी बहिणीचे यजमान म्हणाले, "ताई, तुम्ही राइट बंधूंवर एवढं बोलता, डेटन इथून सव्वा तासावर आहे. चला." दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, नजर जाईल तिथपर्यंत सपाट रान. डेटनमध्ये आधी त्यांचं सायकलचं एक जुनं दुकान पाहिलं. ते मी समजू शकत होते. दुकान म्हणजे दुकान, अमेरिकेत असो नाहीतर संगमनेरात.

मग आम्ही गेलो हफमन प्रेअरीला. हे ८४ एकरांचं कुरण आता हवाई दलाच्या तळाच्या हद्दीत येतं. आत जायला तिकीट नाही. मी मोठं म्युझियम असेल अशा तयारीत होते. बघते तर काय, गवत. कडेला पांढरे झेंडे, लाकडी शेडची एक प्रतिकृती, आणि विमानाला ढकलून उडवायचा एक लाकडी मनोरा. बाकी वारा आणि पाखरं.

आई म्हणाली, "अगं, हे तर आपल्या गायरानासारखं आहे. यासाठी एवढं पेट्रोल जाळलं?"

खरंच गायरानच होतं ते. डेटनमधले एक बँकवाले, टॉरेन्स हफमन, यांची ही जागा. त्यांनी भावांना ती फुकट वापरायला दिली. अट एकच: उडायच्या आधी गाई-घोडी बाहेर काढायची. म्हणजे विमानाच्या शोधातलं रोजचं पहिलं काम काय, तर गुरं हाकणं!

आता प्रश्न असा की, किटी हॉकला विमान उडालं होतं ना? मग १९०४ मध्ये या कुरणात यायची गरजच काय?

इथेच माझी अर्धी गोष्ट उघडी पडते. किटी हॉकच्या त्या दिवशी चार उड्डाणं झाली. शेवटचं सगळ्यात मोठं, ५९ सेकंद, ८५२ फूट. त्यानंतर जमिनीवर उभ्या विमानाला वाऱ्याने उलटंपालटं केलं, आणि ते विमान पुन्हा कधी उडालंच नाही. उडालं तेही सरळ रेषेत, समोरून जोराचा वारा असताना. वळता येत नव्हतं. आपल्या भाषेत सांगायचं तर सॅम्पल पास झालं होतं, माल तयार नव्हता.

दोघांनी ठरवलं की आता घराजवळ सराव करायचा. किटी हॉकला जायचं म्हणजे रेल्वे, मग बोट, मग वाळूत तंबू. इथे घरून ट्रॉलीत बसायचं आणि कुरणाजवळच्या स्टॉपवर उतरायचं. पण इथे किटी हॉकचा वारा नव्हता, त्यामुळे विमान जमीन सोडेना. मे १९०४ मध्ये पत्रकारांना बोलावलं, तर इंजिन नीट चालेना, विमान रुळावरून पुढे गेलं आणि उडालंच नाही. विचार करा, ज्यांनी पाच महिन्यांपूर्वी इतिहास घडवला, त्यांची गावातल्या पत्रकारांसमोर ही अवस्था.

मग काय केलं? उंच मनोरा उभारला, वर वजन टांगलं, वजन खाली पडलं की दोरीने विमान पुढे खेचलं जाईल अशी सोय केली. सप्टेंबरमध्ये ती चालू झाली. २० सप्टेंबरला विल्बरने पहिल्यांदा पूर्ण गोल चक्कर मारली. हे डोळ्यांनी पाहून कुणी लिहिलं माहितीये? एमॉस रूट नावाच्या व्यापाऱ्याने. मधमाशीपालनाचं सामान विकायचे ते, आणि लेख छापला स्वतःच्या मधमाशांच्या मासिकात. मोठ्या वर्तमानपत्रांना पत्ताच नाही.

१९०४ या एका वर्षात भावांनी १०५ उड्डाणं केली. आणि ती सगळी मिळून हवेतला वेळ किती, तर तासभरही नाही. म्हणजे बहुतेक वेळा उडायचं, लगेच उतरायचं किंवा आपटायचं, मोडलेलं जोडायचं, वहीत लिहायचं, परत उडायचं.

१९०५ मध्ये नवं विमान. जुलैमध्ये ऑर्व्हिलने तेही आपटवलं. मग पुढचं सुकाणू मोठं केलं आणि आणखी पुढे नेलं. वळताना विमान हाताबाहेर जायचं, ते सप्टेंबरअखेर एका काटेरी झाडाला घासल्यावर समजलं: अशा वेळी नाक थोडं खाली करायचं, म्हणजे वेग आणि ताबा दोन्ही परत येतात. आणि ५ ऑक्टोबर १९०५ ला विल्बर याच कुरणावर गोल गोल फिरत राहिला. ३९ मिनिटं, २४ मैल. पेट्रोल संपलं म्हणून उतरला.

विमान खऱ्या अर्थाने त्या दिवशी तयार झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. बारा सेकंद ते एकोणचाळीस मिनिटं. मधली जवळजवळ दोन वर्षं या गवतात गेली, आणि आम्ही ट्रेनर लोक नेमकी तीच गाळतो. कारण त्यावर टाळ्या पडत नाहीत.

आता ज्याचं नुकसान झालं त्याच्याबद्दल. माझ्या एका बॅचमधल्या मुलाने सुकामेवा आणि मसाल्यांचं दुकान टाकलं. मी त्याला जोरदार ओपनिंगचा प्लॅन करून दिला. बँड, रील, पहिल्या शंभर जणांना गिफ्ट. पहिल्या दिवशी रस्ता अडला एवढी गर्दी. तो व्हिडिओ मी माझ्या चॅनेलवर अभिमानाने टाकला. आठव्या महिन्यात शटर खाली आलं. त्याने मेसेज केला, "मॅडम, माझं काय चुकलं?" मी लिहिलं, "सातत्य कमी पडलं."

किती सोपं उत्तर दिलं मी! त्याच्या गल्लीत लोक काजू पावशेर घेतात की पन्नास ग्रॅम, मसाला तयार घेतात की दळून मागतात, उधारी किती दिवसांची चालते, यातलं काही तपासायला मी त्याला वेळच दिला नव्हता. मी त्याला किटी हॉक दिलं, कुरण दिलं नाही. चूक माझी होती. परत आल्यावर त्याला फोन करून हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, हे तेव्हा सांगितलं असतं तर मी स्वतःला एवढा नालायक समजलो नसतो."

तुम्ही विचाराल, मॅडम, भाडं आणि हप्ता चालू असताना दोन वर्षं प्रयोग कसे करायचे? बरोबर आहे. दोघे भाऊ अविवाहित होते, सायकलच्या धंद्याने कमावलेलं हाताशी होतं, जागा फुकट मिळाली. आपल्याकडे तसं नसतं. म्हणूनच मी म्हणते, मोठं भाडं सुरू व्हायच्या आधी कुरण शोधा. कुरण म्हणजे जिथे चुकणं स्वस्त पडतं अशी जागा. आठवडी बाजारातला एक ओटा. ओळखीच्या दुकानातलं एक शेल्फ. सोसायटीतल्या वीस घरांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. माझ्या भांड्यांच्या दुकानात इंडक्शनची भांडी मी आता आधी एका शेल्फवर ठेवते, दोन महिने वहीत लिहिते, मगच मोठी ऑर्डर देते.

मग जाहिरात करायचीच नाही का? करायची, पण तिची पाळी आल्यावर. याच कुरणातून ७ नोव्हेंबर १९१० ला राइट कंपनीचं विमान रेशमी कापड घेऊन कोलंबसला गेलं. विमानाने व्यापारी माल नेल्याची ही पहिली खेप मानली जाते. पैसे भरले होते कोलंबसच्या एका कापड दुकानदाराने, ५ हजार डॉलर! त्या रेशमाचे तुकडे आठवण म्हणून विकले गेले. जबरदस्त मार्केटिंग. पण बघा, तो दुकानदार तारीख ठरवून गर्दी गोळा करू शकला, कारण विमान पोचेल याची खात्री होती. ती खात्री या गवतात तयार झाली होती.

या आठवड्याचं काम: एक साधी वही घ्या. दुकानातली एकच अडचण निवडा. रोज एक छोटा बदल करून बघा आणि काय झालं ते दोन ओळींत लिहा. फसलं तर तेही लिहा. तीस दिवसांनी वही उघडा आणि त्यातली एक फसलेली नोंद मला खाली कमेंटमध्ये सांगा. उद्घाटनाचे फोटो नकोत, ते माझ्याकडे भरपूर आहेत.